चौऱ्याहत्तर किलोची गाडी

जोहराबीला माणसं कळायची ती किलोवर. पौड सोडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं की गाव संपता संपता डाव्या हाताला पत्र्याचं कुंपण लागतं, त्याच्या आत तिचं भंगाराचं दुकान. नवरा युनूस मिस्त्री जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून काटा तिच्या हातात होता. कोण काय टाकून द्यायला निघालाय हे पाहायचं आणि त्यावरून माणसाची किंमत करायची, ही तिची रीत. चांगला तांब्याचा बंब मोडीत घालणाऱ्याला ती तोंडावर विचारायची, "आंगूळ सोडली का?" हिंजवडीच्या कंपन्यांतून फिरत्या खुर्च्या यायच्या, एक चाक मोडलं म्हणून टाकलेल्या. "पाचातली चार चाकं शाबूत हायेत, आन् हे म्हने शिकल्याली लोकं," असं म्हणत ती त्याच खुर्चीवर बसून पुढचं वजन करायची.

पण सगळ्या मोडीत तिला सर्वांत जास्त राग यायचा तो एका माणसाचा, आणि तो नेमका तिच्याच घरात जेवत होता. जावई शहाबाज.

शहाबाज जांबे गावात भाड्याच्या खोलीत राहायचा आणि हिंजवडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसून लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायचा. मग ते काम कॉम्प्युटर स्वतःच करायला लागला आणि शहाबाज घरी आला. घरी म्हणजे बायकोला घेऊन सासूच्या दारात. दुकानामागची खोली जोहराबीने दिली, पण देताना जे बोलली ते अख्ख्या पेठेने ऐकलं. "तक्रारी लिवून घेत व्हता न्हवं? आता माज्या लिवून घ्या म्हनावं. वही पुरायची न्हाई." शहाबाज उलट बोलला नाही. तो कधीच बोलायचा नाही, आणि हा जोहराबीच्या हिशेबी त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा होता. उलट बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं. मान खाली घालून 'व्हय अम्मा' म्हणणाऱ्याचं काय लोणचं घालायचं?

लेक सायमा मात्र शिकलेली. रक्त तपासायचा कोर्स तिने पुण्यात केला होता, आणि पौडातली एक खासगी लॅब तिला कामावर घ्यायला तयार होती. रोज सकाळी ताम्हिणीच्या अंगाला वाड्यावस्त्यांवर हिंडायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि अकराच्या आत लॅबमध्ये पोचवायचे, असं ते काम. अट एकच, गाडी स्वतःची हवी. दोन महिन्यांनी अमुक बुधवारी सकाळी सातला गाडीसकट हजर व्हायचं, नाहीतर यादीतली दुसरी मुलगी वाट बघत होतीच.

गाडी जोहराबी घेऊन देऊ शकत होती. शोरूममध्ये जाऊन तिने रंगसुद्धा पाहून ठेवला होता, निळा. तिची एवढीच इच्छा होती की जावयाने ती मागावी. समोर उभं राहून, तोंड उघडून म्हणावं, 'अम्मा, आमाला जमत न्हाई, तुमी द्या.' जोहराबीने उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. घ्यायची ती वजन करून, द्यायची तीही वजन करून. मागणं किती जड असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच ओझं तिला शहाबाजच्या मानेवर बघायचं होतं.

आणि शहाबाजने मागितलं काय? भंगार.

"अम्मा, त्या मास्तरांच्या स्कूटरचा सांगाडा घेऊ का? गाडी जुळवून बघावी म्हनतो."

जोहराबी खुर्चीसकट वळली. "तुमी? जावईबापू, तुमाला चप्पलचा अंगठा जुळवता येतो का?"

"बघतो म्हनलं."

"बघा. बघायला काय पैसं पडत न्हाईत. बघन्यातच तर जल्म चाललाय तुमचा."

त्या दिवसापासून मागच्या भिंतीशी, पोत्याच्या आडोशाला, ती गाडी आकाराला यायला लागली, आणि जोहराबीच्या जिभेला रोजचा खुराक मिळाला. सांगाडा एका निवृत्त मास्तरांच्या स्कूटरचा. कागदपत्रं मास्तरांनी प्रामाणिकपणे सोबतच दिली होती, ती शहाबाजने हेलपाटे घालून सायमाच्या नावावर करून आणली. "गाडीबी बायकुच्या नावावर," जोहराबी म्हणाली. "ह्यांच्या सोताच्या नावावर काय हाय, तर भूक." इंजिन एका मोपेडचं. पेट्रोलची टाकी भातावर औषध मारायच्या फवारणी पंपाची, पिवळीधमक. सीट कंपनीच्या खुर्चीची. पाय ठेवायला पत्रा हवा होता तर तो बंद पडलेल्या साधना ब्युटी पार्लरच्या पाटीतून कापला, त्यामुळे दोन पायांच्या मध्ये 'ब्युटी पा' एवढीच अक्षरं राहिली. पुढचा दिवा ट्रॅक्टरचा, एवढा मोठा की गाडी डोळे वटारून बघतेय असं वाटावं.

"करायला गेलं गनपती आन् झाला मारुती," समोरची चहावाली गोजराबाई म्हणाली.

"मारुती कुटला?" जोहराबी म्हणाली. "त्यो निदान उडत व्हता."

बोलायला तिला आणखी एक कारण होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. असल्या जुळवाजुळवीचा खरा उस्ताद तिने पाहिला होता. युनूस मिस्त्री भंगारातून पिठाची गिरणी उभी करायचा, उसाच्या रसाचं यंत्र उभं करायचा. त्याची एक खोड होती. कुठलाही नट आवळायच्या आधी त्याखाली तो सायकलच्या ट्यूबची गोल चकती घालायचा. लोखंडी वायसर असला तरी त्याच्यावर ही. म्हणायचा, लोखंडाला लोखंडाचा राग येतो, मध्ये कुणीतरी मऊ पाहिजे. त्या चकत्या कापून द्यायचं काम लहानग्या सायमाचं. नखं कापायची कात्री घेऊन ती बापाच्या शेजारी बसायची आणि फ्रॉकच्या ओच्यात ढीग घालायची. बारा वर्षांची झाली तेव्हा बापाच्या बरोबरीने इंजिन खोलायची. मग एके दिवशी युनूसने तोंडबंद पिंप गॅसने कापायला घेतलं. आत काय राहिलं होतं कुणाला कळलं नाही. स्फोट पिरंगुटपर्यंत ऐकू गेला म्हणतात. माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी जोहराबीने सतरा वर्षांच्या लेकीला सांगितलं, "ह्या अंगनात तुजा हात पान्ह्याला लागला, तर माजं मेल्यालं तोंड बगशील." सायमाने पान्हा खाली ठेवला आणि पुस्तक उचललं. युनूसचं नाव त्यानंतर त्या अंगणात कुणी फारसं काढलं नाही.

तर अशा उस्तादाच्या अंगणात हा कॉम्प्युटरवाला पान्हा धरून उभा. जोहराबीला तो अपमानच वाटायचा. दुपारी जेवल्यावर ती दोन तास आडवी व्हायची. झोपेतच तिला हातोडीचे ठोके ऐकू यायचे, उठून बाहेर यावं तर शहाबाज गाडीशेजारी पान्हा घेऊन उभा. सदरा कोरडा, नखात काळं नाही. हात कसे, तर लग्नातल्या नवऱ्यासारखे. "दोन तास ठोकाठोकी केली आन् घामाचा थेंब न्हाई," जोहराबी म्हणायची. "काम करताय का कामाचं सोंग?" तेवढ्यात सायमा चहा घेऊन यायची, तीच घामाने निथळलेली, हाताला रॉकेलचा वास. जोहराबीचा जीव तुटायचा. ह्या ऐदी माणसाचे कळकट कपडे धुऊन पोरगी मरायला टेकली, असं तिच्या मनात यायचं आणि ती आवाज आणखी चढवायची.

"हे वेल्डिंग हाय का काय हाय? कबुतरं बसून गेल्यागत दिसतंय."

"व्हय अम्मा," शहाबाज म्हणायचा.

"आन् ह्यो ब्रेक? ह्या ब्रेकनं शेळी थांबायची न्हाई."

सायमा कप गोळा करून आत जायची.

दोन महिने संपत आले तेव्हा एका रविवारी गाडी सुरू झाली. सातव्या किकला. आधी काळा धूर निघाला, मग आवाज, मग अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. शहाबाज बसला आणि लटपटत विहिरीपर्यंत जाऊन आला. पाय पसरलेले, चेहरा पांढरा, उतरल्यावर गाडी कुठल्या बाजूला कलती करायची हेही त्याला कळेना. रस्त्यावर पाचपन्नास माणसं जमली. गोजराबाईने टाळ्या वाजवल्या. ही चालली तर हा मागणार नाही, हे जोहराबीला मात्र लख्ख कळलं.

"विहिरीपत्तूर तर गाढवबी जातंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "हे खटारं पिरंगुटची खिंड चढून दावा. चढलं ना, तर मी जोहराबी नाव बदलंन."

लोक हसले. शहाबाजने मान खाली घातली. सायमा दारात उभी होती, ती ओढणीने कपाळ पुसून आत निघून गेली.

जोहराबीच्या अंगणात चुन्याची एक रेघ होती. रेघेच्या आतलं लोखंड मंगळवारी ट्रकमध्ये जायचं, रेघेच्या बाहेरचं राहायचं. जाणाऱ्या मालावर ती स्वतः खडूने फुली मारायची. ट्रक यायचा तो माणच्या भिवाजीचा. माणची जमीन कंपन्यांना विकून, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या बांधून आणि तरीही हात रिकामे राहिल्यामुळे ह्या भिवाजीने खिंडीपलीकडे भुकूमच्या बाजूला भंगाराचं मोठं यार्ड टाकलं होतं. तिथे लोखंड उचलायला पंजाची क्रेन होती आणि दाबायला प्रेस. दहा वर्षांत त्याने स्वतःच्या हाताने एक खिळा उचलला नसेल, असं जोहराबीचं म्हणणं. माल त्यालाच घालावा लागायचा, पण 'शेठ' म्हणून तिने त्याला कधी हाक मारली नव्हती. ती 'भिवा' म्हणायची, आणि भिवाजीच्या ते जिव्हारी लागायचं.

हजर व्हायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी, सायमा आणि शहाबाज लॅबचा पांढरा कोट आणि नमुन्यांचा डबा आणायला एस.टी.ने पुण्याला गेले. गाडी भिंतीशी उभी होती, रेघेच्या चांगली चार हात बाहेर. मागे डबा बसेल असं कॅरिअर लावलं होतं. जोहराबी चहा पीत तिच्याकडे बघत बसली. उद्या सकाळी ही पोरगी ह्या धुडावर बसून ताम्हिणीच्या वाटेला लागणार. कुठेतरी बंद पडणार, हसं होणार. आणि बंद नाही पडली, तर जावई जन्मभर मिशीला पीळ देणार. त्याला मिशी नव्हती ही गोष्ट वेगळी. त्यापेक्षा आजच निकाल लागला तर? दुपारी आल्यावर गाडी नाही म्हटल्यावर त्याला तोंड उघडावंच लागेल. मग निळी गाडी आहेच. पोरीचं भलंच होईल. नव्या गाडीला नंबर मिळायला आठ दिवस जातात आणि हजर उद्याच व्हायचंय, ही गोष्ट तिला ठाऊक होती. पण हौसेपुढे अक्कल चालत नाही.

ती उठली आणि गाडी स्वतः ढकलत रेघेच्या आत नेली. ढकलताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली. चाकं लोण्यासारखी फिरत होती. तिने तिकडे दुर्लक्ष केलं, कमरेचा खडू काढला आणि 'ब्युटी पा'च्या वर भलीमोठी फुली मारली.

ट्रकवरचा हमाल थबकला. "चाची, ये तो चालू गाडी लगती है."

"तुला काय करायचंय? टाक काट्यावर."

काट्याने चौऱ्याहत्तर किलो दाखवलं. "दोन म्हैन्यांचा उद्योग," जोहराबी काट्याला म्हणाली, "चौऱ्याहत्तर किलो. आन् त्यातलं धा किलो तर गंज आसंल." दोघा हमालांनी गाडी उचलून ट्रकमध्ये भिरकावली. काहीतरी फुटल्याचा आवाज आला. ट्रक गेला.

मग ती नेहमीप्रमाणे काटा झाडायला लागली. लोखंडाचा कीस, गंजाची पूड, दोन खिळे. आणि एक काळी, मऊ, रुपयाएवढी चकती. सायकलच्या ट्यूबची. मध्ये नीट भोक.

जोहराबीने ती बोटात धरली. आधी तिला वाटलं युनूसच्या वेळची कुठूनतरी निघाली असेल. पण सात वर्षांत रबर वाळून चिरलं असतं, हे ताजं होतं. कड तिने अंगठ्याने चाचपली. पात्याने कापलेली सरळ कड नव्हती ती. नखं कापायच्या कात्रीने, वळवून वळवून कापलेली, बारीक दाते असलेली कड. शहाबाजने युनूसला कधी पाहिलंच नव्हतं. लग्न झालं तेव्हा युनूसला जाऊन पाच वर्षं झाली होती. नटाखाली अशी चकती घालणारी जगात दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक मातीखाली होतं.

मग एकेक गोष्ट आपल्या जागी येऊन बसायला लागली. कोरडा सदरा. स्वच्छ नखं. घामाने निथळलेली पोर, रॉकेलचा वास. विहिरीपर्यंत जाताना पांढरा पडलेला तो चेहरा, ज्याला आपणच बनवलेली गाडी कशी कलती करायची ते ठाऊक नव्हतं. कबुतरं बसून गेल्यागत वेल्डिंग. हे ती कुणाला म्हणाली होती? आणि चहाचा ट्रे हातात घेऊन ते कोण ऐकत उभं होतं? जोहराबी मटकन काट्यावरच बसली. काट्याने तिचंही वजन दाखवलं, पण ते बघायला कुणी नव्हतं. तिला स्वतःची अशी शिसारी आयुष्यात पहिल्यांदा आली.

तिने भिवाजीला फोन लावला. तो हसला. "हितं यून बोला की भाबी. फोनवर काय गंमत?"

दोन वाजता सायमा आणि शहाबाज आले. सायमाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत पांढरा कोट होता. तिने भिंतीकडे पाहिलं, मग रेघेकडे.

"फुली कुनी मारली?"

"मी," जोहराबी म्हणाली.

"रेघेच्या भाईर हुती गाडी, अम्मा."

"मीच ढकलली आत."

शहाबाज सवयीने पुढे झाला. "अम्मा, चूक माजीच. मी ती खोलीत लावायला पायजे हुती, मी—"

"तुमी गप बसा," जोहराबी म्हणाली. "दोन म्हैने दुसरीच्या वाटची बोलनी खाल्लीसा. पोट भरलं न्हाई का आजून?"

सायमाने आईच्या मुठीतून डोकावणाऱ्या चकतीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि तिला कळलं की आईला कळलंय.

"तूच शपथ घातली हुतीस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू झोपल्यावर करायचे मी. तुजं मेल्यालं तोंड बघायचं नव्हतं मला. ह्यांनी म्हनलं, शिव्या मी खातो, तू गाडी कर. रोज च्या देताना ऐकायचे मी. वेल्डिंग कसलं, ब्रेक कसला. एक दिस, एक दिस तरी तू वाकून नटाखाली बघशील वाटलं हुतं. अब्बांनी शिकवल्यालं सगळं हुतं त्यात. तू किलोवर घातलंस."

जोहराबीने पायात चपला सरकवल्या. "चला. पाचाला त्याचा प्रेस सुरू हुतोय."

तिघं वडापच्या जीपने खिंड उतरून भिवाजीच्या यार्डात पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. भिवाजी थंडगार केबिनमधून बाहेर आला. गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट. भंगाराच्या यार्डात पांढरे बूट घालणाऱ्या माणसाविषयी जोहराबीचं मत काय असेल ते सांगायला नको.

"एक नग चुकून आलाय," ती म्हणाली. "परत पायजे."

"चुकून? जोहराभाबीच्या काट्यावर?" भिवाजीला मजा वाटायला लागली. तो ढिगाकडे चालत गेला. गाडी एका बाजूला आडवी पडली होती, ट्रॅक्टरचा दिवा फुटलेला, पुढचा पत्रा चेपलेला. वर क्रेनचा पंजा लोंबत होता. "फुली हाय की हिच्यावर. तुमच्याच हातची फुली, लांबनं वळखू येती." त्याने पांढऱ्या बुटाने सीट ढोसली. "आन् हिला गाडी म्हनायचं? फवारनीची टाकी, पार्लरची पाटी. हे वेल्डिंग हाय का कबुतरं बसून गेल्यात? कुन्या येड्यानं जुळवलीया?"

सायमाने मान फिरवली. जोहराबीच्या डोक्यात तिडीक गेली.

"माज्या लेकीनं," ती म्हणाली. "आन् तुला काय कळतंय रं त्यातलं, भिवा? तुज्या आज्यानं एक एक वावर जुळवलं. तू ते मोडीत काढलंस. जुळवायची अक्कल तुमच्या घरात तवाच सपली. बुटं खराब हुतील, पाय काढ तिच्यावरनं."

क्रेनवाला ऐकत होता. हमाल ऐकत होते. भिवाजीचा चेहरा उतरला आणि मग हळूहळू त्यावर दुसरंच हसू आलं.

"बरं," तो म्हणाला. "तुमचा रेघेचा नियम हाय, तसा माजाबी हाय. ह्या फाटकातनं माल आत येतो, भाईर जात न्हाई."

"दुप्पट वजन लाव. मोजते."

"वजन नगं. वजनाचं काय करू? ढीग हाय माज्याकडं." त्याने हात मागे बांधले. "सात वर्सं तुमी मला भिवा म्हनताय, माज्याच गड्यांफुडं. तुमी मागा, भाबी. म्हना, भिवाजीशेठ, यवढी द्या. मग न्या."

जोहराबीला हसू यायला हवं होतं, इतकी ती तिचीच चाल होती. तिने निळ्या गाडीचा सापळा लावून दोन महिने हेच एक वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. आता ते वाक्य तिलाच म्हणायचं होतं, आणि ते तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी जड होतं. तिने सायमाकडे पाहिलं. सायमा गाडीकडे बघत होती. मग तिने शहाबाजकडे पाहिलं. तिची खात्री होती की तो बघत असणार, आणि त्याने बघावंच, त्याचा हक्क होता. पण शहाबाज पाठ फिरवून फाटकाकडे तोंड करून उभा होता. सासू मागतेय हे बघायला नको म्हणून.

तेवढ्या एका गोष्टीने जोहराबी आतून मोडली.

"भिवाजीशेठ," ती म्हणाली, "यवढी द्या."

"आइकू न्हाई आलं."

"भिवाजीशेठ, यवढी गाडी द्या. पोरीला सकाळी कामावर जायचंय."

भिवाजीला जे हवं होतं ते मिळालं. पण मिळाल्यावर त्याचं काय करायचं हे त्याला सुचेना, असली माणसं तशीच असतात. तो हात झटकून केबिनमध्ये गेला. हमालांनी गाडी उभी करून दिली.

सायमा गाडीशेजारी उकिडवी बसली. पर्समधून तिने पान्हा काढला. रक्त काढायच्या सुया आणायच्या पर्समध्ये पान्हा, आणि जोहराबीने दोन महिन्यांत ती पर्स एकदाही उघडून पाहिली नव्हती. चेपलेला पत्रा सायमाने पायाने सरळ केला. मग एकेक नट चाचपत गेली. पुढच्या चाकाच्या वरचा एक नट बोल्टवरून निसटून बाजूला नुसता अडकून राहिला होता. तिने तो काढला, बोल्टवर बोट फिरवलं, चकती नव्हती.

जोहराबीने मूठ उघडली. चकती घामाने ओली झाली होती.

सायमाने ती घेतली, ओढणीला पुसली, नटाखाली बसवली आणि आवळायला लागली. "दिवा उद्या सकाळी लागत न्हाई," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "सातला उजेड असतोय." जोहराबीने मान हलवली. घरून निघाल्यापासून लेकीने आपल्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य आहे, हे तिने मनात धरून ठेवलं.

गाडी पाचव्या किकला सुरू झाली. एकटी सायमा बसली. "दोघांना घेऊन खिंड चढायची न्हाई ही," ती म्हणाली. "तुमी चालत या. वर थांबते." आणि ती गेली. सरळ, न लटपटता, पाय नीट 'ब्युटी पा'वर ठेवून. शहाबाज चालवताना जी गाडी म्हशीसारखी डुलत होती, ती हीच का असं वाटावं अशी.

मागून सासू आणि जावई चढाला लागले. मोठे ट्रक त्यांच्या अंगावर धूर सोडून जात होते. जोहराबीचे गुडघे बोलायला लागले. वर वळणावर पिवळी टाकी दिसायची, मग दिसेनाशी व्हायची. इंजिनाचा आवाज मध्येच रडका झाला, दबला, आता बंद पडणार असा झाला. जोहराबी रस्त्याच्या मधोमध थांबली. दोन महिने ज्या क्षणाची ती वाट पाहत होती तो हाच, आणि आता ती अल्लाची करुणा भाकत होती की तो येऊ नये. आवाज पुन्हा सावरला. मग वरून, खिंडीच्या माथ्यावरून, हॉर्न वाजला. तो पाववाल्याच्या सायकलचा होता आणि पाववाल्यासारखाच वाजला.

शहाबाज तिच्या शेजारी थांबला होता. त्याने घसा साफ केला. स्कूटरचा सांगाडा मागितला होता तेवढं सोडलं, तर लग्न झाल्यापासून त्याने सासूला एकही प्रश्न विचारला नव्हता.

"अम्मा," तो अगदी अदबीने म्हणाला, "मग नवं नाव काय ठिवायचं?"

जोहराबीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तोंडात दहा उत्तरं आली, एकापेक्षा एक जहरी, आणि एकही बाहेर पडलं नाही. चढ अजून अर्धा बाकी होता आणि गुडघे पार गेले होते.

"हात द्या जरा," ती म्हणाली.